वाचकांचे प्रश्न : एकाच वॉर्डातले जंतू एकाच घराण्यातले असतात का?

औषधांना दाद न देणारे जंतू रुग्णालयात कसे पसरतात आणि जीनोम सिक्वेन्सिंगने (म्हणजे जंतूचा संपूर्ण डीएनए अक्षर-अक्षर वाचून) त्यांचा माग कसा काढतात, यावर आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या आयसीयूत पंधरा दिवसांत तीन रुग्णांच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनी आला. तिन्ही रिपोर्टांवर औषधांची यादी हुबेहूब सारखी, मेरोपेनेमसकट जवळजवळ सगळ्यांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही). एकाकडून दुसऱ्याला गेला हे उघड दिसत असताना सिक्वेन्सिंग कशाला करायचं? — आयसीयूतील परिचारिका

उत्तर : तिन्ही रुग्णांना वेगळं ठेवायला आणि हातांच्या स्वच्छतेवर करडी नजर ठेवायला सिक्वेन्सिंगची वाट मुळीच पाहू नका. ते आजच करा. पण 'एकाकडून दुसऱ्याला' हा निष्कर्ष त्या यादीवरून निघत नाही. आयसीयूत टिकलेला क्लेब्सिएला बहुतेक वेळा त्याच त्या औषधांच्या माऱ्यातून तावून सुलाखून निघालेला असतो. त्यामुळे दोन पूर्ण वेगळ्या घराण्यांतले जंतूही रिपोर्टावर जुळे भाऊ वाटतात. याच्या उलटही घडतं. एकाच घराण्यातल्या दोन जंतूंपैकी एकाने प्रतिकाराचं जनुक वाहणारा प्लाझमिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा गोल तुकडा) गमावला की रिपोर्ट वेगळा येतो आणि खरा दुवा नजरेतून निसटतो.

याआधी सात जनुकांचे ठरावीक तुकडे वाचून जंतूला 'सिक्वेन्स टाइप' (एसटी) देत, अजूनही देतात. क्लेब्सिएलात ते सात तुकडे मिळून सुमारे ३००० अक्षरं होतात. अख्खा जीनोम साधारण ५५ लाख अक्षरांचा. म्हणजे अठराशे पानांच्या ग्रंथातलं एक पान वाचून दोन प्रती एकच आहेत असं म्हणायचं. एसटी २५८, एसटी ११, एसटी १४७ ही घराणी जगभरच्या रुग्णालयांत इतकी पसरली आहेत, की दोन रुग्णांत एसटी १४७ सापडणं म्हणजे दोन माणसांचं आडनाव एक निघण्यासारखं आहे. नातं असेल, नसेलही.

आता समजा, तुमच्या तिन्ही जंतूंचे पूर्ण जीनोम ताडून पाहिले. पहिल्या दोघांत ३ अक्षरांचा फरक निघाला आणि तिसरा या दोघांपासून २०,००० अक्षरांनी दूर निघाला. मग कामाची दिशाच बदलते. पहिल्या दोघांसाठी सामायिक व्हेंटिलेटर, सक्शन, खाट, ड्युटीचा तक्ता तपासायचा. तिसऱ्यासाठी तो कोणत्या रुग्णालयातून आला, आधी कोणती औषधं घेतली होती, हे विचारायचं. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढच्या उत्तरांत ती पुन्हा पुन्हा येणार आहे : 'याच्याकडून त्याला गेला नाही' हे सिक्वेन्सिंग फार खात्रीने सांगतं. 'गेला' हे म्हणायला वॉर्डातल्या नोंदी सोबत लागतात.

हा 'नाही' किती मोलाचा असतो, याचं एक चांगलं उदाहरण आहे. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये सप्टेंबर २००७ ते मार्च २०११ या काळातल्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसील (आताचं नाव क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसील) या जुलाब घडवणाऱ्या जंतूच्या बाराशेहून अधिक संसर्गांचे जीनोम वाचले गेले. त्यातले ४५ टक्के जंतू आधीच्या कुठल्याही रुग्णाच्या जंतूपेक्षा १० हून अधिक अक्षरांनी वेगळे निघाले. या जंतूत वर्षाला जेमतेम एक-दोन अक्षरं बदलतात, तेव्हा १० हा फरक मोठाच. जवळचा दुवा, म्हणजे २ किंवा त्याहून कमी फरक, फक्त ३५ टक्क्यांत सापडला. रुग्णालयात झाला म्हणजे शेजारच्या खाटेवरून आला, ही समजूत त्यातून बरीच ढिली झाली.

प्रश्न : आमच्याकडे सिक्वेन्सर नाही, नमुने बाहेर पाठवायचे आहेत. प्लेटवरच्या कॉलनीपासून (जंतूंच्या वाढीच्या ठिपक्यापासून) डीएनएपर्यंत काय काळजी घ्यावी? मागच्या वेळी दहापैकी चार नमुने 'मिश्र' म्हणून परत आले. — सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ

उत्तर : दहापैकी चार मिश्र येतात तेव्हा दोष बहुधा डीएनए किटमध्ये नसतो, कॉलनी उचलण्यात असतो. पहिल्या प्लेटवर सुटी दिसणारी कॉलनी पुष्कळदा दोघांची असते. क्लेब्सिएलाच्या चिकट, पसरट कॉलनीखाली ई. कोलाय दडून राहतो आणि वरून पत्ता लागत नाही. म्हणून एक सुटी कॉलनी उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढा, ३५ ते ३७ अंशांवर १६ ते १८ तास ठेवा, आणि पुन्हा एकदा तेच करा. दुसऱ्या शुद्धीकरणानंतरची कॉलनीच पुढे न्या.

पण या दोन फेऱ्यांत प्लाझमिड गळण्याचा धोका असतो. औषधाचा दाब नसला की जंतूला तो वाहून नेण्याची गरज उरत नाही. त्यासाठी रेघांच्या पहिल्या भागावर मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची चकती ठेवा आणि चकतीच्या जवळ वाढलेली कॉलनी घ्या. अंतिम प्लेटवरून एकाच वेळी दोन कामं करा. अर्धी वाढ १५ ते २० टक्के ग्लिसरॉल असलेल्या ब्रॉथमध्ये घालून दोन वेगळ्या कुप्यांत उणे ८० अंशांवर ठेवा, अर्धी डीएनएसाठी वापरा. साठवलेला जंतू आणि वाचलेला जंतू वेगवेगळ्या दिवशीच्या प्लेटवरचे असले, तर शंका आल्यावर परत जायला जागा राहत नाही.

डीएनए काढताना जंतूची भिंत कोणती आहे ते पाहा. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास ही मंडळी नेहमीच्या लायसिस बफरमध्ये फुटतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर लायसोझाइम चालत नाही. त्याला लायसोस्टॅफिन लागतं. एन्टेरोकॉकसला लायसोझाइमच्या जोडीला म्युटॅनोलायसिन दिलं की काम सोपं होतं. आणि लूप भरभरून वाढ घेण्याचा मोह टाळा. साध्या सिलिका कॉलमची क्षमता साधारण २०० कोटी पेशींची असते. क्लेब्सिएलाच्या जाड कॅप्सूलचा चिकटा त्यात अडकला की कॉलम तुंबतो आणि डीएनए कमीच मिळतो. कमी वाढ घेतली की जास्त डीएनए येतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी तसंच आहे.

मोजमाप क्युबिटसारख्या फ्लुरोमीटरवर करा. नॅनोड्रॉप आरएनए आणि सुटे न्यूक्लिओटाइडही डीएनए म्हणून मोजतो, त्यामुळे आकडा कित्येक पट फुगू शकतो. त्याचा उपयोग शुद्धतेपुरता : २६०/२८० चं गुणोत्तर १.८ ते २.० च्या दरम्यान हवं. नेक्स्टेरा एक्सटीसारख्या लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) बनवणाऱ्या किटला अवघा १ नॅनोग्रॅम डीएनए लागतो, प्रति मायक्रोलिटर ०.२ नॅनोग्रॅम याप्रमाणे ५ मायक्रोलिटर. इथे फुगलेला आकडा धरून पातळ केलं तर प्रत्यक्षात डीएनए फार कमी पडतो, एन्झाइम त्याचे बारीक तुकडे करून टाकतं आणि लायब्ररी वाया जाते. उलट डीएनए जास्त पडला तर तुकडे लांबलचक राहतात.

प्रत्येक खेपेत एक रिकामा नमुना आणि एक ओळखीचा, आधी वाचलेला जंतू घाला. रिकाम्यात ठळक क्लेब्सिएला दिसू लागला तर ती खेप थांबवा, मग निकाल कितीही हवेसे असोत. आणि कुपीवर रुग्णाचं नाव घालू नका. प्रयोगशाळेचा क्रमांक, नमुन्याची तारीख, शरीराची जागा एवढं पुरे, पण ते न पुसणाऱ्या शाईने.

प्रश्न : 'डेप्थ ५०' म्हणजे काय, आणि एका रनमध्ये किती नमुने बसतात? — पदव्युत्तर विद्यार्थी

उत्तर : जीनोममधलं प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचलं, ती डेप्थ. हिशेब सरळ गुणाकाराचा आहे. क्लेब्सिएलाची ५५ लाख अक्षरं गुणिले ५० म्हणजे नमुन्यामागे २७ कोटी ५० लाख अक्षरं. चोवीस नमुने घेतले तर ६६० कोटी. मायसेक या सिक्वेन्सरच्या व्ही-२ प्रकारच्या ३०० सायकलच्या किटमधून साधारण ४५० ते ५०० कोटी निघतात, म्हणजे चोवीस बसत नाहीत. कागदावर सोळा बसतात. प्रत्यक्षात बारा घ्या. लायब्ऱ्या एकत्र करताना कितीही जपलं तरी एखाद्या नमुन्याला दुसऱ्याच्या निम्मंच वाचन मिळतं, आणि सरासरी ५० असताना तो नमुना २५ वर येऊन अडतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा जीनोम २८ लाखांचा, तो याच्या जवळपास दुप्पट संख्येने बसतो. दोन्ही एकत्र चालवायचे असतील तर डीएनएचं प्रमाण जीनोमच्या लांबीच्या हिशेबात घाला. समसमान घातलं तर लहान जीनोमला गरजेपेक्षा दुप्पट डेप्थ मिळते आणि मोठा उपाशी राहतो.

वाचलेल्या तुकड्यांची जुळणी झाल्यावर आधी एकूण लांबी पाहा. क्लेब्सिएला ५२ ते ५८ लाखांत आणि जीसी प्रमाण (एकूण अक्षरांत जी आणि सी किती) ५७ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. लांबी ९०-१०० लाख आली तर दोन जाती मिसळल्या आहेत. क्रॅकनसारख्या प्रोग्रॅमने दुसऱ्या जातीचे तुकडे लगेच सापडतात. एकाच जातीतले दोन जंतू मिसळले असतील तर मात्र लांबी नेहमीसारखीच दिसू शकते. तिथे शेकडो जागी 'अर्धी वाचनं ए, अर्धी जी' असा घोळ दिसतो. तो पाहिल्याशिवाय फरक मोजायला बसू नका.

प्रश्न : किती एसएनपींचा (एकेका अक्षराच्या बदलांचा) फरक असला की 'एकच साखळी' म्हणायचं? एका रिपोर्टात १० लिहिलं होतं, दुसऱ्यात २५. — भूलतज्ज्ञ डॉक्टर

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते जंतूवर, कालावधीवर आणि मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात.

जंतू बदलण्याचा वेग सारखा नसतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या जीनोममध्ये वर्षाला साधारण ८ अक्षरं बदलतात. क्षयाच्या जंतूत दोन वर्षांत एखादं. आता कालावधी पाहा, कारण चूक नेमकी इथे होते. समजा, एका रुग्णाच्या नाकातून ऑरियस वर्षापूर्वी दुसऱ्याकडे गेला आणि आज दोघांचे नमुने घेतले. पहिल्याकडचा जंतू वर्षभर बदलत राहिला, दुसऱ्याकडचाही. म्हणजे दोघांतला फरक ८ नव्हे, १६ च्या घरात जाणार. शिवाय पहिल्याच्या नाकात देतेवेळीही एकच जंतू नसतो. जुन्या वाहकाकडे एकाच घराण्याच्या अनेक शाखा नांदत असतात. त्यातली एक दुसऱ्याकडे गेली आणि आपण पहिल्याची भलतीच शाखा उचलली, तर खरा दुवा असूनही फरक वाढलेला दिसतो. म्हणून महत्त्वाच्या प्रकरणात एका रुग्णाच्या एकाऐवजी चार-पाच कॉलन्या वाचाव्यात असा आमचा आग्रह असतो.

क्लेब्सिएलासाठी युरोपातल्या अनेक देशांच्या रुग्णालयांतले जंतू घेऊन केलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. रुग्णालयांतर्गत गट वेगळे काढण्यासाठी २१ एसएनपी ही मर्यादा तिथे उत्तम ठरली. पण काही प्रयोगशाळा एसएनपी मोजतच नाहीत. त्या गाभ्यातली ठरावीक जनुकं घेऊन त्यातली किती वेगळी आहेत ते मोजतात, त्याला सीजीएमएलएसटी म्हणतात. क्लेब्सिएलाच्या एका प्रचलित योजनेत अशी २३५८ जनुकं आहेत आणि मर्यादा १५. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी १८६१ जनुकं, मर्यादा २४. एका जनुकात पाच अक्षरं बदलली तरी इथे तो एकच फरक धरतात. तेव्हा तुमच्या दोन रिपोर्टांत १० आणि २५ कशाचे आहेत, हे आधी विचारा. एसएनपी आणि जनुकं यांची तुलना म्हणजे मैल आणि किलोमीटर एकाच रकान्यात लिहिणं.

आकडा खोटा वाढवणाऱ्या तीन गोष्टी नेहमी तपासा. पहिली, पुनर्संयोजन. क्लेब्सिएला बाहेरचा डीएनएचा तुकडा सहज आपलासा करतो. समजा, ६० फरकांपैकी ४५ फरक ३००० अक्षरांच्या एकाच पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले दिसले, तर ते एका झटक्यात आलेले आहेत. गबिन्ससारखा प्रोग्रॅम असे पट्टे झाकतो आणि उरलेले १५ मोजायचे असतात. दुसरी, संदर्भ जीनोम. दूरच्या घराण्याचा संदर्भ घेतला तर जीनोमचे मोठे भाग जुळतच नाहीत आणि मोजणीतून गळतात, शिवाय चुकीच्या जागी जुळलेली वाचनं नसलेले फरक दाखवतात. याच उद्रेकातला पहिला जंतू लांब वाचनाने पूर्ण जुळवून तोच संदर्भ धरणं उत्तम. तिसरी, दुरुस्ती यंत्रणा बिघडलेले जंतू. स्यूडोमोनासमध्ये म्युट-एस जनुक निकामी झालेले जंतू आढळतात आणि ते भराभर बदलतात. तिथे नेहमीची मर्यादा लावून दुवा नाकारला तर चूक होईल.

मर्यादेला दरवाजा समजू नये, एवढं नक्की सांगतो. २१ ला 'आत' आणि २२ ला 'बाहेर' असं काही नसतं. फरकांची पूर्ण यादी, वंशवृक्ष आणि खाटांच्या तारखा शेजारी ठेवून निर्णय करावा.

प्रश्न : याचा उपचाराला ताबडतोब उपयोग होतो का? — वैद्यकीय अधिकारी

उत्तर : फारसा नाही. शुद्ध कॉलनी हातात आल्यानंतरही डीएनए, लायब्ररी, साधारण २४ तासांचा रन आणि विश्लेषण मिळून तीन-चार दिवस जातातच. नमुने साठून खेप भरेपर्यंत थांबलं तर आणखी. नॅनोपोअर या लांब वाचनं देणाऱ्या यंत्रावर हेच एक-दीड दिवसात होऊ शकतं. तरीही औषध निवडायचं ते चकती किंवा एमआयसीच्या (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) चाचणीवरच. सिक्वेन्सिंगचा फायदा पुढच्या रुग्णाला होतो, ज्याला अजून संसर्ग व्हायचा आहे.

प्रश्न : एका वॉर्डात आधी क्लेब्सिएला, मग ई. कोलाय, मग एन्टेरोबॅक्टर, तिन्ही कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना) रेझिस्टंट. जाती वेगळ्या म्हणजे उद्रेक नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. पटत नाही. — संसर्ग नियंत्रण परिचारिका

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. जंतू वेगवेगळे असले तरी प्लाझमिड एकच असू शकतो. केपीसी, एनडीएम, ओएक्सए-४८ या कार्बापेनेम निकामी करणाऱ्या एन्झाइमांची जनुकं बहुतेक वेळा प्लाझमिडवर बसलेली असतात आणि प्लाझमिड एका जातीतून दुसऱ्या जातीत उडी घेतो. ओएक्सए-४८ वाहणारा सर्वांत प्रचलित प्लाझमिड अवघ्या ६२ हजार अक्षरांचा आहे. असा उद्रेक जंतूच्या वंशवृक्षात दिसतच नाही. तिन्ही जाती झाडाच्या तीन टोकांना असतात आणि रिपोर्ट म्हणतो, दुवा नाही.

छोट्या वाचनांनी हा पेच सुटत नाही, त्याचं कारण अगदी यांत्रिक आहे. प्रतिकाराच्या जनुकांच्या दोन्ही अंगांना आयएस-२६ सारखे पुनरावृत्त तुकडे असतात. त्याची लांबी ८२० अक्षरं, आणि इल्युमिनाचं (मायसेकसारख्या छोटी वाचनं देणाऱ्या यंत्राचं) एक वाचन १५० चं. तो तुकडा जीनोममध्ये आठ-दहा ठिकाणी असला, की कुठल्या प्रतीच्या पलीकडे काय आहे हे प्रोग्रॅमला कळत नाही. जुळणी तिथे तुटते. हातात उरतो एक सुटा तुकडा, त्यावर एनडीएम, पण तो कुठल्या प्लाझमिडचा याचा थांग नाही.

तिन्ही जाती नॅनोपोअरसारख्या लांब वाचनाने वाचून घ्या. हजारो अक्षरांचं एकेक वाचन ते पुनरावृत्त तुकडे ओलांडून जातं आणि प्लाझमिड वर्तुळाकार बंद होतो. मग लांबी, रेप्लिकॉनचा (प्लाझमिडची प्रत काढणाऱ्या भागाचा) प्रकार आणि गाभ्यातले अक्षरफरक ताडून पाहा. फक्त 'तिन्हीत एनडीएम आहे' यावर थांबू नका, कारण तेच जनुक अनेक वेगवेगळ्या प्लाझमिड-सांगाड्यांवर सापडतं. एक खबरदारी : लांब तुकडे निवडण्याच्या पायरीत दोन-पाच हजार अक्षरांचे चिमुकले प्लाझमिड गळून जातात. त्यासाठी त्याच डीएनएचं छोटं वाचनही हाताशी असावं. आणि प्रत्येक जंतूच्या लांब आणि छोट्या अशा दोन्ही वाचनांसाठी डीएनए एकाच वेळी, एकाच वाढीतून काढावा.

प्रश्न : वॉर्ड रिकामा करून धुतला, फवारला, तरी दोन महिन्यांनी तोच जंतू परत. कुठे लपतो? — रुग्णालय व्यवस्थापक

उत्तर : आधी सिंक तपासा. सिंकच्या खाली पाणी साचून राहणारा वाकडा ट्रॅप असतो, तिथे जंतूंचा चिकट थर जमतो. जमिनीवर आणि खाटांवर कितीही फवारलं तरी त्या थराला धक्का लागत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ट्रॅपमध्ये चमकणारा ई. कोलाय सोडून पाहिला. पोषण मिळताच तो पाइपच्या आतल्या भिंतीवरून दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर वर चढला आणि आठवडाभरात जाळीपर्यंत पोचला. जाळीवर नळाची धार पडली की शिंतोडे आजूबाजूला पाऊण मीटरपर्यंत गेले. आता विचार करा, त्या अंतरात औषधं तयार करण्याचा कट्टा आहे का? उरलेलं सलाइन, फीड, रुग्णाच्या आंघोळीचं पाणी त्याच सिंकमध्ये ओततात का? तेच त्या जंतूचं खाद्य.

नमुना घेताना कोरडी काडी जाळीवरून फिरवून भागत नाही. जाळी काढून पाइपच्या आत काडी घासा, शिवाय ट्रॅपमधलं ५० मिलिलिटर पाणी घ्या. क्लोरीन वापरलं असेल तर सोडियम थायोसल्फेट असलेल्या द्रावात काडी बुडवा, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि सिंक स्वच्छ असल्याचा खोटा दिलासा मिळतो. आलेल्या प्लेटवरून दिसायला वेगवेगळ्या निदान पाच कॉलन्या उचला; सिंकमध्ये बारा भानगडीचे जंतू एकत्र नांदतात. आणि सिंकमध्ये जुळणारा जंतू सापडला तरी तो तिथून रुग्णाकडे आला की रुग्णाकडून तिथे गेला, हे तारखांवरूनच कळेल. रुग्ण दाखल होण्याआधीचा सिंकचा नमुना फ्रीझरमध्ये असेल तर प्रश्न मिटतो.

सिंक हा एकच अड्डा नव्हे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या क्लिनिकल सेंटरमध्ये केपीसीवाहक क्लेब्सिएलाचा उद्रेक झाला. १८ रुग्णांत तो आढळला, ११ जण दगावले, त्यातले ६ मृत्यू या संसर्गामुळे झाल्याचं ठरलं. पहिली रुग्ण घरी जाऊन तीन आठवडे झाल्यावर पुढचा रुग्ण समोर आला, म्हणून दोघांचा संबंध नसावा असं वाटू शकलं असतं. जीनोमने दाखवलं, की सगळी साखळी त्या पहिल्या रुग्णापासूनच, तीन स्वतंत्र वाटांनी निघाली होती. सिंकच्या निचऱ्यात तर तो जंतू मिळालाच, साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही मिळाला. मधल्या तीन आठवड्यांत तो कोणाच्या तरी आतड्यात मुकाट राहिला असणं अगदी शक्य आहे. म्हणून धुण्याबरोबरच लक्षणं नसलेल्या रुग्णांचे रेक्टल स्वॅब घेणं सोडू नका. फक्त आजारी रुग्णांचे जंतू वाचून काढलेली साखळी मधल्या कड्यांविना राहते.

प्रश्न : सिक्वेन्सिंग रिपोर्टात फॉस-ए, ओक्यूएक्स-एबी, एसएचव्ही अशी प्रतिकाराची जनुकं दिसली. घाबरायचं का? उलट कोलिस्टिनला जंतू रेझिस्टंट असून रिपोर्टात एकही जनुक नाही. — प्रयोगशाळा प्रमुख

उत्तर : पहिल्या तिघांना घाबरू नका. फॉस-ए आणि ओक्यूएक्स-एबी क्लेब्सिएला न्यूमोनीच्या गुणसूत्रावर जवळजवळ नेहमीच असतात, एसएचव्हीही त्याच जातीची घरची वस्तू आहे. डेटाबेस त्यांना यादीत टाकतो, उद्रेकाशी त्यांचा संबंध नाही. एसएचव्हीचा कोणता प्रकार, एवढं मात्र पाहा.

कोलिस्टिनचं कोडं बहुधा एमजीआर-बी जनुकात सुटेल. हे जनुक मोडलं की प्रतिकार येतो. मिळवलेल्या जनुकांची यादी करणारं साधन तुटलेलं जनुक शोधत नाही. त्यात एखादा उडता (जागा बदलणारा) डीएनएचा तुकडा घुसला असेल तर जुळणी नेमकी तिथेच तुटते आणि जनुकाचे दोन अर्धे दोन तुकड्यांच्या टोकाला पडतात. ते हाताने पाहावं लागतं. कार्बापेनेमच्या बाबतीत असाच चकवा ओम्पके-३५ आणि ओम्पके-३६ ही औषध आत शिरण्याची दारं बंद झाल्याने बसतो.

प्रश्न : वडिलांना शस्त्रक्रियेनंतर एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) झाला. सिक्वेन्सिंगने तो कोणाकडून आला हे सिद्ध करता येईल का? कुणाचा हलगर्जीपणा असेल तर तो समोर यावा. — रुग्णाचा मुलगा

उत्तर : तुमची तळमळ समजते, म्हणून जे होऊ शकतं तेच सांगतो. वडिलांचा जंतू आणि त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या रुग्णाचा जंतू २ अक्षरांच्या फरकाने जुळला, तर दोघे एकाच साखळीत आहेत असं म्हणता येतं. थेट एकाकडून दुसऱ्याला, की मध्ये कुणी तिसरा होता ज्याचा नमुनाच घेतला नाही, हे बहुधा ठरत नाही. दिशा ठरवणं त्याहून अवघड. आणि अनेकांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आधीपासून असतो. वडिलांच्या जखमेतला जंतू त्यांच्याच दाखल होतानाच्या नाकाच्या स्वॅबशी जुळला, तर उत्तर अगदी वेगळं निघेल.

केंब्रिजमधल्या एका नवजात शिशू कक्षात २०११ मध्ये एमआरएसएचा उद्रेक झाला होता. कक्ष कसून धुतल्यावर, शेवटचा बाधित रुग्ण जाऊन ६४ दिवसांनी, पुन्हा एका बाळात तो सापडला. १५४ कर्मचारी तपासले, एकाकडे तो जंतू होता आणि जीनोमने तो जुळला. जंतू अंगावर वाहणाऱ्या माणसाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. त्या कर्मचाऱ्यावर उपचार करून जंतू घालवण्यात आले. असं कर्मचाऱ्यांना निर्धास्तपणे पुढे येता आलं नाही, तर ते स्वॅब द्यायला कचरतील आणि साखळी चालूच राहील. त्याच तपासात एकंदर २६ जण एकमेकांशी जोडलेले निघाले. कक्षाबाहेरच्या माता आणि त्यांच्या घरची माणसंही त्यात होती, आणि आधीच्या नेहमीच्या पद्धतीने यातले निम्म्याहून कमीच हाती लागले होते.

रुग्णालयाकडे लेखी विचारायचं असेल तर हे विचारा : दाखल होताना एमआरएसएचा स्वॅब घेतला होता का आणि त्याचा निकाल काय? पहिला पॉझिटिव्ह नमुना कोणत्या तारखेचा, शरीराच्या कोणत्या जागेचा? त्या महिन्यात त्याच वॉर्डात आणखी किती रुग्णांना तो झाला? आणि वडिलांचा जंतू साठवून ठेवला आहे का? हा शेवटचा प्रश्न आजच विचारा. पुष्कळ प्रयोगशाळा रिपोर्ट गेल्यावर प्लेटा थोड्याच दिवसांत टाकून देतात, आणि जंतू एकदा टाकला की त्याचा जीनोम नंतर कुणालाही वाचता येत नाही.